'विचारून सांगते' म्हणणारीसाठी मंडळीने काय करावं

एका तालुक्याच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्त्रीसमाजाच्या चिटणीस ताईंनी विचारलं आहे: "आम्हाला मातांचं आरोग्य आणि स्त्री-पुरुष न्याय या विषयांवर काम करायचं आहे. मंडळीचे पंच म्हणतात, दवाखाना सरकारचा, कायदा कोर्टाचा, आपलं काम प्रार्थनेचं. आणि करायचंच असेल तर दोन विषय एकदम कशाला, एकच घ्या. सुरुवात कुठून करावी?"

ताई, सलाम. मी एकतीस वर्षं प्रसूतिकक्षात परिचारिका होते, त्यातली पहिली नऊ मिशनच्या दवाखान्यात. निवृत्त झाल्यापासून नगर-बीडच्या सीमेवरच्या मंडळ्यांतल्या बायकांबरोबर हेच काम करते. पंचांच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे. हे दोन विषय नाहीत.

बरीच वर्षं झाली. रात्रपाळी होती. दुसरं बाळंतपण, मुलगी झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. आम्ही पोट चोळलं, इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, रक्त लागणार, जिल्ह्याला हलवा. मी बाहेर जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला विचारून सांगते." तो कारखान्यात पाळीवर, फोन बंद. मी आत येऊन त्या मुलीलाच विचारलं, "न्यायचं ना गं तुला?" ती शुद्धीवर होती. म्हणाली, "त्यांना विचारा." दारावरच्या घड्याळात चाळीस मिनिटं गेली. सज्ञान बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरते, हे मला माहीत होतं, तरी मीही थांबले. गाडी निघाली, पण ती जिल्ह्यापर्यंत पोचली नाही. तिच्या उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं माता-बाल संरक्षण कार्ड होतं. सगळ्या तपासण्या वेळेवर झालेल्या. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे रक्त कमी. त्या कार्डावर सगळ्याला रकाना होता, फक्त 'हो कोण म्हणणार' याला नव्हता.

ती आपल्याच मंडळीतली होती. दफनाच्या वेळी 'प्रभूची इच्छा' असं म्हटलं गेलं. मी मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, प्रभूची नव्हे, ही आपली पद्धत आहे.

माता मृत्यूंचा अभ्यास करणारे १९९४ पासून 'तीन उशीर' सांगत आले आहेत: न्यायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. दुसरा आणि तिसरा रस्त्याचा, गाडीचा, डॉक्टरांचा, रक्ताचा. तिथे सरकारला जाब विचारायचा. पण पहिला उशीर घरात होतो, आणि घराघरात शिरकाव असलेली, दर रविवारी सगळ्यांना एका छताखाली आणणारी, सासू, सून आणि नवरा यांना एकाच बाकावर बसवणारी मंडळीसारखी दुसरी व्यवस्था गावात नाही. आशाताईला, गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, सून भेटते, नवरा क्वचितच भेटतो. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तिघेही भेटतात.

आपल्या राज्याची स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, हे आधी सांगायला हवं. २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. राज्यातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग उरलं काय? उरलं ते दवाखान्याच्या दाराबाहेरचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तरी तो जिवावर बेततो. आणि रक्त कमी का, याचं अर्धं उत्तर स्वयंपाकघरात आहे. ती सगळ्यांच्या मागून जेवते, उरेल ते जेवते.

आम्ही पहिलं काम केलं ते इथेच. एका मंडळीत कापणीच्या सणाला प्रीतिभोजन असतं. पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, बायका शेवटी, तोवर मटणाचा नुसता रस्सा उरलेला. स्त्रीसमाजाने पंचांकडे एकच मागणी केली: पहिल्या पंगतीला गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका बसतील. पंच हसले नाहीत, पण गप्प झाले. सणाच्या दिवशी पत्रावळी मांडल्या आणि एकही बाई बसेना. पदर तोंडाला लावून सगळ्या भिंतीशी उभ्या. शेवटी एका पंचांच्या पत्नीच आपल्या सात महिन्यांच्या गरोदर सुनेचा हात धरून खाली बसल्या आणि वाढणाऱ्या पोरांना म्हणाल्या, "हिला काळीज वाढ." मग बाकीच्या बसल्या. एका जेवणाने कुणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही, ते मला कळतं. पण घरी गेल्यावर त्या सुनेचं ताट कधी वाढायचं, यावर त्या आठवड्यात बऱ्याच घरांत बोलणं झालं. पुरुषांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता व्यासपीठाबद्दल. पाळकसाहेबांना आरोग्याचं व्याख्यान द्यायला लावू नका. त्यांच्या हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे, तेच पुरे. येशूची आई मरीया आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली, हे आपण दर नाताळात वाचतो. पण त्यातली एक म्हातारपणी गरोदर राहिलेली आणि दुसरी कोवळ्या वयातली, लोकांच्या बोटांची भीती असलेली; दोघी जोखमीच्या, आणि एकमेकींचा आधार, यावर किती संदेश ऐकलेत? बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी राजाचा हुकूम मोडून बाळं वाचवली. याकोबाची बायको राहेल बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेली. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईने गर्दीत घुसून येशूच्या वस्त्राला हात लावला, कुणालाही न विचारता, आणि प्रभूने तिला 'मुली' म्हणून हाक मारली. पाळीच्या दिवसांत वेदीजवळ फिरकू नये असं मानणाऱ्या मंडळ्या अजून आहेत. त्यांच्यासमोर हा उतारा वाचायचा आणि मग ज्या बाईला अडवतात तिच्याकडूनच त्या दिवशी शास्त्रवाचन करून घ्यायचं. लग्नाच्या वेळी इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन, बायकांनी अधीन असण्याचं, आवर्जून वाचतात. त्याच्या आधीचं एकविसावं, एकमेकांच्या अधीन असण्याचं, तेही वाचायचा आग्रह धरा. एक ओळ वर सरकायची आहे फक्त.

आणि एक गोष्ट पाळकांनी मंडळीसमोर स्पष्ट, मोठ्याने सांगायला हवी: प्रार्थना करा आणि गाडी बोलवा. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा-हात सुजलेत, झटका आला, अंगावरून रक्त जातंय, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटते, बाळंतपणानंतर ताप चढला, यातलं काहीही झालं तर प्रार्थना गाडीत बसून करायची. तेल लावून रात्रभर प्रार्थना झाली आणि सकाळी झटके आलेली मुलगी आमच्याकडे आणली, असं मी पाहिलं आहे. त्या लोकांची माया खोटी नव्हती. त्यांना कुणी 'आधी दवाखाना' असं सांगितलेलं नव्हतं, आणि ज्यांचं ऐकतात त्यांनी तर नाहीच.

यापुढचं बोलणं कडू लागेल, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही. सरकारकडे न्याय मागायला जाण्याआधी मंडळीने आपलं घर झाडावं. मार खाणारी बाई पाळकांकडे येते तेव्हा तिला काय सांगितलं जातं? सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल. गरोदरपणात पोटावर लाथ बसलेल्या बायका मी तपासल्या आहेत. सोबत आलेले म्हणायचे, पायरीवरून पडली. समेट घडवणं हे मंडळीचं काम आहे, पण बाई सुरक्षित झाल्यानंतर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकारी असतात. आपल्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांचं नाव आणि १८१ हा महिला मदतीचा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर, उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी लावा. बायकांच्या बाजूच्या दाराशी लावलात तर अधिक चांगलं.

लग्न लावताना पाळकांनी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला स्वतः पाहावा. सतरा वर्षांची असेल तर परतवावं, मग ती पंचांची भाची का असेना. मंडळीच्या किंवा डायसिसच्या (धर्मप्रांताच्या) शाळेत, दवाखान्यात दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती हवी आणि मातृत्व लाभाच्या कायद्याने बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा हवी. मिशनच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत कंत्राटी परिचारिका बाळंतपणासाठी राजीनामा देते आणि परत आल्यावर नवी म्हणून कामाला लागते, हे मी जवळून पाहिलं आहे. अशा संस्थेच्या पाळकाने माता आरोग्यावर बोललं तर ऐकणाऱ्या बायकांना काय वाटत असेल?

मग जमिनीचं. हे ऐकून पंच म्हणतील, बाळंतपणाचा आणि सातबाऱ्याचा काय संबंध? संबंध असा, की जिच्या नावावर काहीच नाही ती गाडीभाड्यासाठी सुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते. आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मागे पत्नी व मुलं असतील, तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. कायदा चांगला आहे. पण वडील गेले की महिन्याभरात मुलींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, साडी-चोळी देतात, आणि सही नाही दिली तर माहेर तुटेल हे न बोलता सांगतात. सलाफहादाच्या पाच मुली, माहला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, मोशेसमोर आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचं वतन मागितलं. प्रभूने सांगितलं, त्यांचं म्हणणं रास्त आहे. बायबलमधलं गणना पुस्तक, सत्ताविसावा अध्याय. दफनानंतर भेटीला जाणाऱ्या पाळकांनी एवढा उतारा त्या घरात वाचला तरी सह्यांची घाई थोडी थांबते. एका घरात थांबलेली मी पाहिली आहे.

कुटुंब नियोजनावर कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) आणि आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्या यांची शिकवण वेगळी आहे, ती लपवून एकत्र काम होत नाही. वसईकडच्या एका व्रतस्थ सिस्टरबरोबर काम करताना आम्ही सुरुवातीलाच ठरवलं, जिथे पटत नाही तिथे एकमेकींच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. दोन बाळंतपणांत अंतर हवं, यावर मात्र दोघींचं एकमत. माझ्यापुरतं सांगते: २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशात ३७.९ टक्के जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली होती, पुरुषाची ०.३ टक्के. सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची असताना टाके मात्र बाईच्या पोटावर पडतात. तरुण संघाच्या शिबिरात हा आकडा फळ्यावर लिहून मी दहा मिनिटं गप्प बसते. पोरं आपसात बोलू लागतात.

आता सरकारकडे जाण्याबद्दल. सामाजिक कामात याला जनवकिली म्हणतात. मोर्चा काढायचा म्हणजेच जनवकिली नव्हे. आधी कागद हवा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते. हे हक्क आहेत, आणि ते मिळाले की नाही ते स्त्रीसमाजाच्या बायका विचारून लिहू शकतात. बाहेरून औषध आणायला लावलं का? गाडीचे पैसे घेतले का? सहा महिने असं लिहून ठेवलं, की हातात निवेदन नव्हे, पुरावा असतो.

आम्ही एका ग्रामीण रुग्णालयाबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय: स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची पदं किती, भरलेली किती, सहा महिन्यांत किती माता पुढे पाठवल्या. उत्तर आलं, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं. म्हणजे सिझेरियनची गरज पडली की जिल्हा गाठायचा. तो कागद घेऊन आम्ही चार गावांच्या ग्रामसभांत गेलो, ठराव करून घेतले आणि ते ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिले. वर्ष गेलं. आठवड्यातून दोन दिवस भूलतज्ज्ञ येऊ लागले. एवढंच झालं. उरलेल्या पाच दिवसांसाठी अजून मागे लागलो आहोत.

त्या ग्रामसभांत आम्ही मंडळीचा फलक नेला नाही. बौद्धवाड्यातल्या, मुस्लिम मोहल्ल्यातल्या, वंजारी वस्तीतल्या बायका बरोबर होत्या, आशाताई पुढे होती. ऊसतोडीला कोयत्यावर जाणाऱ्या बायकांचं दुखणं तर सगळ्यांचंच. एक दिवस मोडला तर खाड्याचा दंड, म्हणून भरल्या दिवसांपर्यंत मोळ्या वाहणाऱ्या, आणि पाळीचा त्रास नको म्हणून तिशीत गर्भपिशवी काढलेल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ती बीडच्या याच बायकांसाठी. असं काम करताना मंडळीवर धर्मांतराचा संशय घेतला जातो, हे दिवस तसे आहेत. म्हणून आमचा नियम असा की मदतीबरोबर प्रार्थनेची अट नाही, पत्रक नाही, फोटो नाही. कुणी प्रार्थना मागितली तर करतो.

पंच म्हणतात हे आपलं काम नाही, तेव्हा त्यांना आपलीच माणसं आठवून द्या. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि स्त्री डॉक्टर हव्यात म्हणाल्या, नाहीतर बायका लाजेपोटी उपचाराविना मरतात. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, तो पुढच्या वर्षी झाला. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर जोडपं जामखेडला आलं. त्यांनी गावांना आपल्यातल्याच बायका निवडायला सांगितलं. अनेकींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळ दलित होत्या. त्यांना गरोदरपण तपासायला, बाळंतपण करायला, धोका ओळखायला शिकवलं. ज्या बाईला विहिरीवर बाजूला उभं राहावं लागे, तिच्याकडे पाटलाची सून नाडी दाखवायला येऊ लागली. मातांचं आरोग्य आणि न्याय एकाच कामात कसे होतात, हे बघायला पंचांना लांब जायला नको, जामखेडची एस.टी. पकडली तरी पुरे. आणि कॅथलिक बहिणींचं सांगायचं तर १९३६ पर्यंत व्रतस्थ सिस्टरना बाळंतपणं करायची मनाईच होती. रावळपिंडीला बायका मरताना पाहिलेल्या डॉक्टर ॲना डेंगल वर्षानुवर्षं मागे लागल्या, तेव्हा रोमने परवानगी दिली. चर्चचा स्वतःचा नियम बदलून घेणं हीसुद्धा जनवकिलीच.

'कायदा कोर्टाचा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, की ख्रिस्ती बाईला घटस्फोटासाठी नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर छळ किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे, नवऱ्याला फक्त व्यभिचार पुरे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते अन्यायाचं ठरवलं आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. ज्या बायकांनी हा प्रश्न लावून धरला त्या रविवारी आपल्याच बाकांवर बसणाऱ्या होत्या.

सुरुवात कुठून, तर एका वहीपासून. मंडळीत आणि शेजारच्या वस्तीत गरोदर असलेल्या प्रत्येक बाईचं नाव, महिना, हिमोग्लोबिन, रक्तगट, दवाखाना कोणता, रात्री गाडी कुणाची, पैसे कुणाकडे ठेवलेत. आणि शेवटचा रकाना: 'हो कोण म्हणणार'. त्यात तिचं स्वतःचं नाव लिहायचं. आठव्या महिन्यात घरप्रार्थना ठेवतो तेव्हा नवरा आणि सासू यांच्यासमोर तो रकाना वाचतो आणि दोघांकडून वदवून घेतो, डॉक्टर न्या म्हणाले तर आम्हाला विचारायची गरज नाही. पहिल्या वर्षी दोन घरांनी नकार दिला. एका घरातल्या आजीच म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ अशीच गेली, लिहा हिचं नाव."

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला मला त्या आजींचा फोन आला. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "काही विचारायला नाही केला. गाडी निघाली, एवढं सांगायला केला."

वही साधी दोनशेपानी घ्या. ती पाळकसाहेबांकडे किंवा कचेरीत ठेवू नका, स्त्रीसमाजातल्या दोघींकडेच राहू द्या. कुणाचं रक्त किती आणि कुणाला कितवा महिना, हे पंचांच्या बैठकीत वाचायचं नसतं. येत्या ९ तारखेच्या आधी पहिली चार नावं लिहून होतात का, ते बघा आणि मला कळवा.